अख्खा शाफ्ट की नुसता क्रॉस?

कुडपणला आमची थोरली बहीण दिली आहे. पोलादपूर तालुक्यातले हे गाव सह्याद्रीच्या अगदी कुशीत. एकीकडे सातारा जिल्ह्यातला महाबळेश्वर तालुका, दुसरीकडे रत्नागिरीतला खेड. वर जाणाऱ्याला चढ आणि वळणे, खाली येणाऱ्याला उतार आणि वळणे. मध्ये सपाट म्हणावा असा रस्ता थोडाच. ताईच्या मुलाने पाच वर्षांपूर्वी एक जुना सहाचाकी ट्रक घेतला. स्वतःच चालवतो. कधी चिरा, कधी खडी, कधी महाडच्या औद्योगिक वसाहतीतला माल. त्या एका गाडीवर सहा माणसांचे घर आणि महिना ११,४०० रुपयांचा हप्ता चालतो.

गेल्या पावसाळ्याआधी गाडी सुटताना खालून ‘टक’ असा आवाज येऊ लागला. पहिल्यांदा तो कोणाला ऐकू आला म्हणाल, तर चालकाला नव्हे, सूनबाईला. केबिनमध्ये बसलेल्याला इंजिनाच्या घरघरीत काय कळणार? ही रोज पहाटे पाण्याची कळशी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी असायची, गाडी तिच्या समोरून सुटायची. ती महिनाभर नवऱ्याला सांगत होती आणि तो महिनाभर “जुनी गाडी आहे, वाजणारच” असे म्हणत होता. मग महामार्गाला लागल्यावर ताशी पन्नासच्या पुढे पायाखाली थरथर जाणवू लागली, तेव्हा स्वारी घाबरली आणि गाडी कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत नेऊन उभी केली.

तिथून आम्हाला फोन आला. “मामा, अख्खा शाफ्ट गेलाय म्हणतात. दोन्ही तुकडे नवे घालायचे. अडतीस हजार सांगितलेत. काय करू?”

आता आम्ही पडलो कारकून माणूस. बी.कॉम. झालेल्याला जमाखर्च कळतो, शाफ्ट कळत नाही. पण अडतीस हजार म्हणजे तीन हप्ते आणि वर काही, एवढे तर लगेच कळले. आम्ही त्याला एवढेच म्हणालो, “कागदावर लिहून घे. कशाचे किती ते वेगवेगळे लिहून घे. आणि सही करू नकोस.”

त्या कागदावर होते ते असे : पुढचा आणि मागचा शाफ्ट मिळून ३१,०००, मधले बेअरिंग २,४००, बोल्ट आणि मजुरी ४,६००. मोडले काय आहे, हे मात्र त्यात कुठेच नव्हते. आमच्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म इथेच आहे. डॉक्टरने दुखणे न सांगता ऑपरेशनचा खर्च सांगावा, तसे हे. कार्यशाळेतली माणसे लबाड होती असा आमचा आरोप नाही. सुटा भाग काढून बसवण्यापेक्षा पुरा जोड बदलणे त्यांना सोपे पडते, वेळ कमी लागतो आणि हमी देता येते. ते त्यांच्या सोयीचे झाले. गरीब गाडीवाल्याच्या सोयीचे काय, हे त्याने स्वतःच पाहायला हवे.

शाफ्ट म्हणजे काय, आणि त्यात झिजते काय

इंजिन पुढे, ओढणारी चाके मागे. पुढची ताकद मागे नेणारी जी लांब पोलादी नळी गाडीच्या पोटाखाली फिरताना दिसते तो प्रोपेलर शाफ्ट. गिअरबॉक्स चासीला घट्ट बसलेली असते, पण मागचे हाऊसिंग पाट्यांवर वर-खाली नाचते. सरळ दांडा टाकला तर पहिल्याच खड्ड्यात मोडेल. म्हणून त्याला वाकते सांधे दिलेले असतात. सांध्यात अधिकच्या खुणेच्या आकाराचा एक पोलादी तुकडा असतो, त्याला गॅरेजात ‘क्रॉस’ म्हणतात. क्रॉसच्या चारही टोकांवर चार कप, आणि प्रत्येक कपात शिवणाच्या सुईसारख्या बारीक पोलादी सुयांची रांग. शिवाय नळी थोडी लांब-आखूड व्हावी म्हणून एका जागी दात्यांवर सरकणारा जोड असतो, तो स्प्लाइन. गाडी लांब असेल तर नळीचे दोन तुकडे करतात आणि मध्ये रबरात बसवलेले सेंटर बेअरिंग देतात. आमच्या भाच्याच्या गाडीला असे दोन तुकडे, तीन क्रॉस आणि एक सेंटर बेअरिंग आहे.

ही युक्ती जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या कार्दानो या इटालियन विद्वानाचे नाव या सांध्याला चिकटले, सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने त्याचा अभ्यास केला, आणि मोटारीसाठी तो पक्का केला अमेरिकेच्या क्लॅरेन्स स्पायसर यांनी. त्यांना १९०३ साली पेटंट मिळाले. त्याआधी कितीतरी मोटारी सायकलसारख्या साखळीवर चालत. एवढा इतिहास अशासाठी सांगितला की, ही काही कंपनीच्या संगणकाशिवाय न उघडणारी गुप्त विद्या नव्हे. एकशेवीस वर्षांपासून साधा फिटर ती खोलतो आणि जोडतो.

यात नळी सहसा झिजत नाही. झिजतात त्या सुया, क्रॉसची टोके, सेंटर बेअरिंग आणि त्याचे रबर. फार वर्षांनी स्प्लाइनचे दाते. म्हणजे जे झिजते ते लहान आणि स्वस्त, आणि जे महाग ते बहुधा शाबूत. हे एवढे एक वाक्य भाच्याला आधी ठाऊक असते, तर कार्यशाळेच्या बाकावर त्याचा घसा कोरडा पडला नसता.

मिस्त्रीने गाडीखाली जाऊन काय पाहिले

गाडी हळूहळू पोलादपूरला आणली. तिथले एक वयस्क मिस्त्री, त्यांना सगळे चाचा म्हणतात. आम्हीही रविवार पाहून गेलो. चाचांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे गाडी सपाट जागेवर घेऊन चारही बाजूंनी चाकांना दगड लावले. हातब्रेक ओढलेला असूनही. भाचा म्हणाला, “चाचा, गिअरमध्ये आहे गाडी, जाते कुठे?” त्यावर ते उखडले. “शाफ्ट काढला की गिअरचा आणि चाकाचा संबंधच काय राहतो? गाडी तुझ्या छातीवरून जाईल.”

वाचकहो, हे वाक्य आमच्या मनात घर करून बसले आहे. गिअर गाडीला धरतो तो शाफ्टच्या मार्फत. शाफ्ट सुटला, तुटला, की गिअरची पकड संपली, आणि उतारावर इंजिनाने गाडी रोखून धरण्याची सोयही संपली. उरतो फक्त ब्रेक. काही गाड्यांचा हातब्रेकदेखील गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवरच बसवलेला असतो. तिथे तर तोही गेला. ज्याला कुडपणहून भरलेली गाडी खाली आणायची आहे, त्याने हे पक्के लक्षात ठेवावे.

मग इंजिन बंद करून, गिअर न्यूट्रल करून चाचा खाली गेले. एका हाताने नळी, दुसऱ्या हाताने पुढचा योक धरून उलटसुलट पिळले. आम्हालाही वाकून बघायला लावले. सबंध शाफ्ट थोडासा फिरतो, ती गिअरच्या दात्यांची नेहमीची ढील; तो दोष नव्हे. पण क्रॉसच्या एका बाजूचा योक हलतो आणि दुसऱ्या बाजूचा जागेवर राहतो, असे दिसले की तो क्रॉस गेला. पुढचा क्रॉस चांगला निघाला. मधला आणि मागचा हलत होता, आणि मागच्याच्या कपाशी तांबूस भुकटी जमली होती. ग्रीस संपून सुया गंजल्या की ती गंजाची पूड अशी बाहेर येते. सेंटर बेअरिंग पहारीने उचलून पाहिले तर रबर फाटलेले. स्प्लाइन मात्र घट्ट, नळीला पोचा नाही, तडा नाही.

म्हणजे दोन क्रॉस आणि एक बेअरिंग. अडतीस हजारांचे दुखणे ते एवढेच.

कोणत्या आवाजाचा काय अर्थ, हेही आम्ही चाचांना विचारून घेतले. गाडी सुटताना किंवा ॲक्सिलेटर सोडून पुन्हा दाबताना ‘टक’ झाले तर क्रॉस ढिला. हळू चालताना चिमणीसारखी ‘चिव चिव’ आली तर सुया कोरड्या पडल्या. याच वेळी ग्रीस मिळाले तर कदाचित क्रॉस वाचेलही. एका ठरावीक वेगात सारखी घुमघुम ऐकू येते ती सेंटर बेअरिंगची. आणि वेग वाढेल तशी वाढणारी थरथर म्हणजे शाफ्टचा तोल गेला आहे.

तोलाचे गणित आमच्या कारकुनी डोक्याला आवडले म्हणून सांगतो. ताशी ६० किलोमीटरला ट्रकचे चाक मिनिटाला सुमारे ३०० फेरे घेते. मागच्या हाऊसिंगचे प्रमाण सहा धरले तर शाफ्टचे १,८०० फेरे होतात. घाटात ताशी २० ला हेच फेरे ६००. तोल बिघडल्याने बसणारा हिसका वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग तिप्पट झाला की हिसका नऊपट. म्हणून बिघडलेला शाफ्ट कुडपणच्या घाटात गप्प बसतो आणि महामार्गावर बोंब मारतो. डोंगरात गाडी चालवणाऱ्याला रोग उशिरा कळतो तो यामुळे. कधी कधी तर नळीवर चिखलाचा किंवा डांबराचा थर चिकटल्यानेही थरथर येते. पावसाळ्यात आधी नळी धुऊन पाहावी, त्याला काही पैसे पडत नाहीत. नळीवर डागलेल्या लहान पट्ट्या दिसतात, त्या तोलासाठीच लावलेल्या असतात. धुताना त्या ठोकून काढू नयेत.

काम झाले ते कसे

शाफ्ट उतरवण्याआधी चाचांनी छिन्नीने प्रत्येक जोडावर आमनेसामने दोन खुणा केल्या. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वाकलेल्या कोनात फिरणारा एकटा क्रॉस पुढची गती जशीच्या तशी मागे देत नाही. एका फेऱ्यात ती दोनदा वाढते आणि दोनदा घटते. दुसरा क्रॉस बरोबर त्याच रेषेत बसवला तर तो ही वाढघट खोडून काढतो. स्प्लाइन पुन्हा घालताना दाते सरकले, रेषा चुकली, तर नवा कोरा क्रॉस घालूनही गाडी थरथरणार आणि मिस्त्री शपथेवर सांगणार की माल खराब होता. खुणेला खर्च काय? छिन्नीचे दोन ठोके.

जुने क्रॉस व्हाइसमध्ये दाबून काढले. घणाने योकचे कान ठोकले तर ते वाकतात किंवा चिरतात, मग खरोखरच महागाचे काम निघते. नवा क्रॉस घ्यायचा तो चारही कप आणि लॉकसह. नवा क्रॉस आणि जुने कप अशी भेसळ चालत नाही. बसवताना एखादी सुई आडवी पडली तर कप पुरा आत जात नाही आणि लॉक खाचेत बसत नाही. अशा वेळी लॉक ठोकून बसवणारा मिस्त्री दिसला तर त्याला हात जोडून थांबवावे. बसवून झाल्यावर सांधा हाताने दोन्ही दिशांना मोकळा हलला पाहिजे. अडकून हलणारा सांधा तापतो आणि महिन्यात जळतो.

सुटा माल घेताना आम्ही एक गोष्ट शिकलो. वाहन कंपन्या असे बरेच भाग स्वतः बनवत नाहीत, दुसऱ्या कारखान्याकडून घेतात. तोच कारखाना तोच भाग आपल्या नावाच्या खोक्यातही विकतो, आणि त्या खोक्याची किंमत बहुधा कमी असते. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, आणि महाडच्या दुकानांतही असा माल मिळतो. फक्त बिल घ्यावे, छापील किंमत आणि खोक्यावरचा क्रमांक पाहावा आणि जुना क्रॉस बरोबर नेऊन मापून घ्यावा. बिल नको म्हणणाऱ्या दुकानदाराकडून क्रॉस घेऊ नये. वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तोही बिलात दिसला पाहिजे.

सगळे जोडल्यावर शाफ्टचे दोन्ही तुकडे कळंबोलीला पाठवले. पोलादपूरला तोल करायचे यंत्र नाही, कळंबोलीच्या ट्रकवस्तीत ते आहे. खर्च असा झाला : दोन क्रॉस २,५००, सेंटर बेअरिंग १,९००, नवे बोल्ट-नट ४८०, तोलाचे १,५००, मजुरी १,८००, ने-आण ६००. एकूण ८,७८०.

पण जमाखर्च प्रामाणिकपणे मांडायचा तर आणखी एक ओळ हवी. कार्यशाळेत दोन दिवसांत काम झाले असते, आम्हाला पाच लागले. तीन दिवस गाडी जास्त उभी राहिली. खर्चवेच जाऊन दिवसाला दीड हजार सुटतात असे धरले तर साडेचार हजार तिकडे गेले. तेही वजा केले तरी २४,७२० वाचले. दोन हप्ते. शिवाय धाकटीची शाळेची फी निघाली ती वेगळी, असे सूनबाईने वहीत लिहून ठेवले आहे.

दाते झिजले असते किंवा नळीला पोचा असता तर? तरीही नवाच शाफ्ट घ्यावा लागतो असे नाही. शाफ्टचे काम करणारे लेथवाले जुने टोक कापतात, नवे स्प्लाइन किंवा नवी नळी लेथवर सरळ धरून डागतात, डायल लावून वाकडेपणा पाहतात आणि मग तोल करतात. काही ठिकाणी जुना शाफ्ट देऊन दुरुस्त केलेला बदली मिळतो. भंगार बाजारातला शाफ्टही चालतो, पण लांबी, फ्लँजची भोके, दात्यांची संख्या आपल्या गाडीशी जुळली पाहिजे, आणि बसवण्याआधी तो तोलाच्या यंत्रावर चढलाच पाहिजे. भंगारातून आणला आणि तसाच बोल्टवर चढवला, हा स्वस्ताईचा मार्ग आम्ही कोणालाही सांगणार नाही.

जिथे पैसा वाचवू नये

आमच्यातले काही भाऊ काटकसरीच्या भरात भलतेच करून बसतात. कप सैल झाला म्हणून तो योकला वेल्डिंगने चिकटवून टाकतात. नळीला तडा गेला तर रस्त्याकडेच्या वेल्डरकडून वरून पट्टी मारून घेतात. लेथवर साध्या सळईतून क्रॉस कातून घेतात. क्रॉसच्या पोलादाचे अंग वरून कठीण केलेले आणि घासून गुळगुळीत केलेले असते. साध्या लोखंडात सुया चार दिवसांत चरे पाडतात. फ्लँजचे बोल्ट साधे नसतात, त्यांच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात. हार्डवेअरच्या दुकानातला बिनआकड्याचा बोल्ट घालून तीस-चाळीस रुपये वाचवणे म्हणजे घर गहाण टाकून कुलूप विकत घेणे. आणि पहिल्या दोन-तीन खेपांनंतर ते बोल्ट पुन्हा आवळून पाहावेत.

चढावर पहिल्या गिअरमध्ये काय होते ते पाहा. इंजिनाचा पीळ समजा ३०० न्यूटन-मीटर असला आणि पहिल्या गिअरचे प्रमाण सहा असले, तर शाफ्टवर तो १,८०० होतो. त्यात गाडी क्षमतेहून जास्त भरलेली, चिखलात चाक गरगरतेय आणि चालकाने क्लच झटक्यात सोडला की तो झटका सगळा क्रॉसच्या चार टोकांवर. क्रॉस वयाने मरत नाही, बहुतेक वेळा तो असा मारला जातो. जास्त खेपेचे चार पैसे कोणाला नको असतात? पण ते पैसे शाफ्ट व्याजासकट परत घेतो.

पुढचा क्रॉस चालत्या गाडीत तुटला तर नळीचे पुढचे टोक रस्त्यावर पडते आणि जमिनीत रुतते. मागचा तुटला तर सुटलेली नळी गरगरत ब्रेकचे पाईप आणि हवेची टाकी फोडू शकते. यासाठी काही गाड्यांना शाफ्टखाली लोखंडी कडे दिलेले असते. वाजते म्हणून ते काढून भंगारात देऊ नका, रबर घालून आवळा.

कुडपणच्या लोकांना हे जास्त सांगायला नको. जानेवारी २०२१ मध्ये खेड तालुक्यातले वऱ्हाड घेऊन परतणारा ट्रक याच रस्त्यावर दरीत गेला. माणसे दगावली, कितीतरी जखमी झाली. त्याआधी २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस कोसळून ३० जण गेले. त्या अपघातांशी शाफ्टचा संबंध होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच की इथल्या घाटात गाडीला दुसरी संधी मिळत नाही. मालाच्या ट्रकात माणसे बसवायला कायद्याने मनाई आहे. लग्न असो की जयंती, आपल्या भाच्याने भरली तरी आपण त्यात बसू नये. ताईच्या घरी हे आम्ही स्पष्ट बोललो आणि थोडी कटुताही आली.

कायद्याची बाजू

कंपनीच्या कार्यशाळेबाहेर दुरुस्ती केली की हमी गेली, अशी भीती घातली जाते. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर शाफ्टसाठी आधी तिथेच जावे, फुकट होणारे काम बाहेर कशाला? पण बाहेरच्या दुरुस्तीला सरसकट बंदी असावी का, हा प्रश्न देशात गाजला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड सुनावला आणि सुटे भाग खुल्या बाजारात मिळू द्या, बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने हमी रद्द करू नका, असे बजावले. प्रकरण मोटारगाड्यांचे होते आणि कंपन्या पुढे अपिलात गेल्या. तरी विचाराची दिशा त्यातून कळते. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळही सुरू केले.

ट्रक हा धंद्याचा, मग ट्रकवाला ग्राहक कसा, असे कोणी म्हणाले तर त्याला १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा लक्ष्मी इंजिनिअरिंग खटल्याचा निकाल सांगा. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी ट्रक घेणारा माणूस ग्राहकच आहे, हे त्यात उदाहरण देऊन सांगितले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही स्वयंरोजगारासाठीचा हा अपवाद आहे. राष्ट्रीय ग्राहक मदतीचा क्रमांक १९१५. रायगडचा जिल्हा आयोग अलिबागला आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. पण तक्रार टिकते कागदावर. म्हणून अंदाजपत्रक लिहून घ्या आणि बदललेले जुने भाग परत मागा. आमच्याकडे ते मागायला लोक लाजतात, कशाला ते आम्हाला अजून कळलेले नाही.

आता थोडे स्वतःबद्दल. गेल्या वीस वर्षांत आपल्या तरुणांचे वाहनकर्जाचे अर्ज आम्ही बरेच भरून दिले. काही १९७८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडचे, काही बँकांचे, काही पतसंस्थांचे. गाडीची किंमत, विमा, परवाना, डिझेल, सगळे रकाने आम्ही नीट मांडले. दुरुस्तीला मात्र दरवेळी ठोकळेवजा एक आकडा टाकत आलो. ग्रीसचा तर विचारही केला नाही. किती गाड्या हप्त्यासाठी नव्हे तर एका मोठ्या दुरुस्तीपायी ओढून नेल्या गेल्या असतील, याचा हिशोब आमच्याकडे नाही आणि त्याची टोचणी आहे.

म्हणून यंदा पोलादपूर भागातल्या सात गाडीवाल्यांना एकत्र बसवले. जयभीम झाला, चहा झाला, आणि पहिला अर्धा तास कोणाची गाडी जास्त माल ओढते यावरच गेला. शेवटी ठरले ते असे की वर्गणी काढून एक चांगली ग्रीसगन, क्रॉस दाबायचा हातप्रेस आणि बोल्टचा जोर मोजणारा पाना घ्यायचा. ही हत्यारे चाचांच्या गॅरेजात राहतील. दर महिन्याला प्रत्येकाने पाचशे रुपये दुरुस्तीच्या डब्यात टाकायचे, आणि डब्याची किल्ली घरातल्या बाईकडे. या शेवटच्या कलमावर दोघांनी कुरकुर केली. ती आम्ही इतिवृत्तात नोंदवली आहे.

भाच्याच्या गाडीला आता दर पंधरा दिवसांनी ग्रीस मिळते, पावसात पाण्यातून गाडी गेली तर त्याच आठवड्यात. निपलवर गन लावून चारही कपांतून नवे ग्रीस बाहेर दिसेपर्यंत दाबायचे. एका कपातून आले नाही तर तो बंद आहे, तिथेच पुढचा बिघाड आहे. बिननिपलचे क्रॉसही मिळतात, त्यांना ग्रीस देता येत नाही. घाटातल्या माणसाने शक्यतो निपलचेच घ्यावेत, असे चाचा म्हणाले.

परवा कुडपणला गेलो तेव्हा सूनबाईने वही दाखवली. तारीख, किलोमीटर, ग्रीस, आणि शेवटच्या रकान्यात ‘आवाज’. त्यात बहुतेक ठिकाणी ‘नाही’ असे लिहिले होते, एका ठिकाणी ‘थोडा, मागून’. भाचा म्हणाला, “पाट्याचा असेल, मामा.” ती काही बोलली नाही. वाऱ्याने पाने उडू नयेत म्हणून वहीवर तिने तो जुना, चरे पडलेला क्रॉस ठेवला होता, तो उचलला, पान उलटले आणि पुन्हा ठेवला.